थॉर्नटन क्रीक: ओढ्याचा तळच नव्याने बांधला, आणि पाणी खालून वाहायला लागलं

निनाद_सिएटल

बरेच दिवस हा धागा काढायचा होता, आज मुहूर्त लागला. सिएटलच्या उत्तर भागातून थॉर्नटन क्रीक नावाचा ओढा वाहतो आणि वॉशिंग्टन लेकला मिळतो. पुणेकरांनी रामनदी डोळ्यापुढे आणावी, तेवढाच जीव. पण शहरातलं सगळ्यात मोठं पाणलोट याचंच आहे, साधारण ३० चौरस किलोमीटर, आणि त्यातला बहुतेक भाग घरं, रस्ते, पार्किंग नि मॉल. म्हणजे पाऊस पडला की मुरायला जागाच नाही, सगळं पाणी गटारातून एकदम ओढ्यात. त्या लोंढ्याने वर्षानुवर्षं तळातले गोटे आणि वाळू धुऊन नेली, खाली कडक माती उघडी पडली, काठ ढासळू नयेत म्हणून लोकांनी दगड-काँक्रीट लावलं, त्याने पाणी अजून जोरात धावायला लागलं, आणि दर मोठ्या पावसात आसपासच्या घरांत पाणी.

यावर नेहमीचा उपाय काय, तर ओढा रुंद करा, काठाला झाडं लावा, दोन बाकडी टाका. तसं इथे आधी बऱ्याच ठिकाणी केलं होतं, मासे काही आले नाहीत. सिएटलच्या पाणी खात्यात कॅथरीन लिंच नावाच्या जीवशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं की आपण ओढ्याचा वरचा भाग तेवढा सजवतोय, खालचा भाग मेलेलाच आहे. खालचा म्हणजे तळाच्या वाळू-गोट्यांतला. तिथेही पाणी असतं आणि ते वाहतं, ओढ्यातून खाली शिरतं, गोट्यांमधून हळूहळू सरकतं आणि पुढे कुठेतरी परत वर येतं. या थराला हायपोरेइक झोन म्हणतात, १९५९ साली ऑर्गिदान नावाच्या रोमानियन माणसाने हे नाव दिलं. म्हणजे माहिती जुनी आहे, पण शहरातल्या ओढ्यात हा थर मुद्दाम बांधायचा हे फारसं कुणी केलं नव्हतं.

२०१४ मध्ये थॉर्नटनच्या दोन टप्प्यांत ते केलं. पूररेषेतली घरं पालिकेने विकत घेऊन पाडली (हे वर्षानुवर्षं चाललं होतं), ओढ्याला पसरायला जागा दिली, आणि मग तळ पुरुषभर खोदून त्यात वाळू, बारीक खडी, गोटे यांचं ठरवलेलं मिश्रण भरलं. त्यावर आडवे ओंडके आणि मोठे दगड अशा हिशोबाने ठेवले की ओंडक्याच्या वरच्या अंगाला पाण्याची पातळी थोडी उंच राहील. तेवढ्याशा फरकाने पाणी तळात दाबलं जातं आणि ओंडक्याच्या पलीकडे वर येतं. पंप नाही, मोटर नाही. डार्सीचा नियम (वाळूतून पाणी किती झिरपतं त्याचा) शिकलेल्यांना १८५६ आठवेल, बाकीच्यांनी सोडून द्या.

आता मजेचा भाग. खडी नवीन म्हणजे निर्जीव, त्यात जंतू नाहीत की बारीक किडे नाहीत. आणि आजूबाजूला सगळं शहर, मग ते येणार कुठून? म्हणून सीडर नदीच्या तळातून (सिएटलचं बरंचसं पिण्याचं पाणी तिथून येतं, वरचं जंगल राखीव आहे) जिवंत माल आणून इथे पुरला. विरजणच लावलं म्हणा ना.

परिणाम मोजले ते जास्त महत्त्वाचं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी रंग, मीठ आणि ब्रोमाइड सोडून आधी पाणी कुठे शिरतं नि कुठे निघतं ते शोधलं. खालची वाट ३ ते ५ मीटरचीच, पण ती कापायला पाण्याला अर्ध्या तासापासून ३ तासांहून जास्त वेळ लागत होता. वरून तेवढंच अंतर काही सेकंदांचं. मग पावसाच्या वेळचं पाणी दोन्ही टोकांना तपासलं, सुमारे १९०० वेगवेगळी रसायनं दिसली, आणि लांबच्या वाटेने गेलेल्या पाण्यात त्यातल्या ७८ टक्के रसायनांचं प्रमाण निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटलं होतं. हा पेपर २०१९ चा. आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या टप्प्यात चिनूक सामन मासे येऊन अंडी घालून गेले. शहराच्या मधोमध!

घरापासून फार लांब नाही म्हणून अधूनमधून जातो. बघायला काहीच भव्य नाहीये, हे आधीच सांगतो. पाहुण्यांना नेलं तर म्हणतात, हे काय दाखवायला आणलंस, ओढाच आहे की.

---

प्राजक्ता_ठाणे

मस्त धागा, वाखूसा (वाचनखूण साठवली). दोन शंका. एक, १९०० रसायनं ओढ्यात येतात कुठून, तिकडे कारखाने आहेत का? दुसरी, हा थर गाळाने बुजणार नाही का? आमच्या सोसायटीचा रेन वॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा दोन पावसाळ्यांत बुजला, आता त्यात नुसते डास.

---

काडीवाला

छान. अमेरिकेत माशांना अंडी घालायला जागा मिळाली, आनंद आहे. आमच्याकडे ओढ्यात मैला सोडतात साहेब, त्याला खाली तीन तास फिरवलं तरी मैलाच निघणार. आधी सांडपाणी थांबवा मग गोटे मोजू. शिवाय घरं विकत घेऊन पाडली म्हणे! इथे पूररेषेत टॉवरला परवानगी मिळते.

---

निनाद_सिएटल

@प्राजक्ता, कारखाने नाहीत, रस्ते आहेत. टायरची झीज, ब्रेकची धूळ, इंजिन ऑइल, लॉनवरची कीटकनाशकं, छपरांवरून येणारं काय काय. इथे सिएटल भागात वर्षानुवर्षं एक कोडं होतं, पहिला मोठा पाऊस पडला की कोहो सामन ओढ्यात शिरून अंडी घालायच्या आतच काही तासांत मरायचे. २०२० च्या डिसेंबरात झेन्यू तियान आणि मंडळींनी उत्तर छापलं. टायरला चिरा पडू नयेत म्हणून ६पीपीडी नावाचं रसायन घालतात, त्याचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन बनतं आणि ते कोहोला मारायला अगदी थोडं पुरतं. थॉर्नटनचा पेपर त्याच्या आधीचा आहे, पण सामन मरण्याशी ज्या रसायनांचा संबंध दिसत होता तीही त्यांनी त्यात तपासली होती.

बुजण्याचा प्रश्न बरोबर आहे, तो जाणकारांवर सोडतो.

@काडीवाला, तुमचं पहिलं वाक्य सोडलं तर बाकीच्याशी सहमत.

---

मुरूम_आणि_खडक

भूजलात अर्धं आयुष्य गेलं म्हणून लिहितो, जरा लांबेल.

बुजणं हाच या सगळ्यातला कळीचा मुद्दा. तळाच्या फटींत बारीक माती बसली की खालीवर होणारी देवाणघेवाण बंद, वरून ओढा वाहतोय आणि खाली कोंडलेलं काळं पाणी. नैसर्गिक नदीत हे साफ कसं होतं तर पुराने. मध्यम पूर तळ थोडा हलवतो, बारीक माल धुऊन नेतो, गोटे परत बसतात. म्हणून डिझाइन असं लागतं की तळ पुरात हलला पाहिजे पण वाहून जाता कामा नये. हे बोलायला सोपं आहे. आणि पसरायला जागा दिली नाही तर शहरी पूर सगळा माल उचलून नेतो, म्हणून घरं हटवणं हा त्या कामाचा भागच होता, वेगळी चैन नव्हती.

आता काडीवाल्यांचं. त्यांचा टोन सोडा, मुद्दा शंभर टक्के खरा आहे. या थरातले जंतू ऑक्सिजनवर काम करतात. कच्चा मैला आला की ते पहिल्या वीतभरातच सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात, जंतूंचाच चिकट थर वाढून फटी बंद होतात, खाली हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याचा वास. म्हणजे एसटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला) हा पर्याय नाही आणि कुणी तसं विकायला आलं तर हाकलून द्या. सांडपाणी अडवल्यावर जे उरतं, रस्त्याचं पाणी, थोडं नायट्रेट, तापलेलं पाणी, तिथे याचा उपयोग. नायट्रेटचं तर विशेष, कारण थोडं खोल जिथे ऑक्सिजन संपतो तिथले जंतू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. म्हणजे एकाच थरात वर एक काम, खाली दुसरं.

हा थर किती लांब पसरलेला असू शकतो यावर एक जुनं उदाहरण. अमेरिकेतच माँटानामध्ये फ्लॅटहेड नदी आहे. तिथे स्टॅनफर्ड आणि वॉर्ड यांनी १९८८ साली दाखवलं की नदीतल्या स्टोनफ्लाय किड्यांच्या अळ्या नदीपात्रापासून २ किलोमीटर लांबच्या विहिरींत सापडतात. जमिनीखालून गोट्यांच्या फटींतून तिथवर पोचलेल्या. आपण नकाशावर निळी रेघ काढतो ती त्या नदीचा फक्त दिसणारा भाग.

---

बापू_श्रीगोंदा

अळ्यांचं माहिती नाही पण नदीच्या वाळूखाली पाणी चालतं हे आमच्याकडं शेंबड्या पोराला पण माहिती होतं. मार्च-एप्रिलात नदी वरून कोरडी ठणठणीत, बाया वाळूत झिरा उकरायच्या, हातभर खाली गेलं की पाणी, वाटीवाटीनं हंडा भरायचा. वरचा गढूळ गेला की खालून नितळ यायचं, थंडगार. झिरा कुठं उकरायचा ते पण ठरलेलं, नदी वळण घेते तिथं आतल्या अंगाला. आता झिरा नाही कारण वाळूच नाही. भीमेची गेली, सीनेची गेली, घोडची गेली. रात्री जेसीबी आणि सकाळी खड्डे. खाली राहिला गाळ नि खडक आणि त्यात बाभळी. ज्या वाळूसाठी निनादभाऊंच्या तिकडं पैसा खर्च करून ट्रकनं माल आणून टाकतात ती आम्ही ट्रकनं नेऊन पुण्याच्या स्लॅबमध्ये घातली.

---

खान्देशी_कांदा

बापूंशी सहमत पण एक विचारतो. आमच्या धुळे जिल्ह्यात शिरपूर पॅटर्न झाला, सुरेश खानापूरकरांनी नाले चांगले खोल नि रुंद केले, वर बंधारे बांधले, आणि विहिरींना पाणी आलं हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तिथे तर खोदूनच फायदा झाला. मग तळ खोदणं चांगलं की वाईट ते एकदाचं सांगा.

---

मुरूम_आणि_खडक

@खान्देशी, प्रश्न चांगला आहे. दोन्ही ठिकाणी खोदलं पण हेतू वेगळे. शिरपूरला पाणी जमिनीत घालायचं होतं, एकेरी. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात वरच्या मातीचे जाड थर पाणी आत जाऊ देत नाहीत, ते कापून खालच्या पाणी धरणाऱ्या थरापर्यंत पोचायचं हा विचार, आणि तो खानापूरकरांनी भूरचना बघून केला होता. हायपोरेइक देवाणघेवाण दुहेरी आहे, पाणी आत जातं आणि थोड्या वेळाने ओढ्यातच परत येतं, त्यात विहिरीला काही मिळेलच असं नाही. शेतकऱ्याला पहिलं हवं, माशाला दुसरं.

गोंधळ कुठे झाला तर नंतर जलयुक्त शिवारच्या काळात गावोगाव खोलीकरण सुरू झालं तेव्हा, कारण भूरचना न बघता जिथे नाला तिथे जेसीबी. दख्खनच्या बसाल्टमध्ये ओढ्याच्या तळाशी वाळू-गोट्यांचा थर मुळात पातळ, कुठे हातभर कुठे दोन-तीन मीटर, त्याखाली मुरूम नाहीतर अखंड खडक. तो पातळ थरच पावसाळ्यानंतर दोन-तीन महिने ओढा वाहता ठेवतो. तोच खरवडून काठावर टाकला की पहिल्या पावसात पाणी जास्त साठलेलं दिसतं, फोटो चांगला येतो, आणि पुढे ओढा लवकर आटतो. कुठे कुठे खडकाच्या सांध्यांना पाणी मिळून विहिरी भरल्याही असतील, नाही म्हणत नाही. पण ओढा म्हणून तो संपला.

म्हणून सिएटलचं डिझाइन उचलून इथे आणता येणार नाही. तिथे हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मालाचे जाड थर, पाऊस बारीक आणि बरेच महिने. आपल्याकडे चार महिन्यांत सगळा पाऊस, आठ महिने ओढा कोरडा किंवा सांडपाण्यावर. आपल्याकडे आहे तो तळ न खरवडणं हे बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे.

---

सरकारी_सिव्हिल

नाव बघून कळलं असेल, जास्त सांगणार नाही. न खरवडणं स्वस्त आहे हे खरं पण न खरवडण्याचं बिल निघत नाही राव. एमबीत (कामाच्या मोजमाप वहीत) घनमीटर भरावे लागतात. खोदाई इतके घनमीटर, पिचिंग (काठाला दगड बसवणं) इतके चौरस मीटर, काँक्रीट इतकं. तळाची झिरप किती वाढली याला आयटमच नाही डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरसूचीत. मग अंदाजपत्रक करणारा माणूस काय करणार, जे मोजता येतं ते टाकणार. मी एका ओढ्याच्या कामात काठ मातीचाच ठेवून नुसते दगडाचे छोटे आडवे बांध सुचवले होते, मागची बाजू उतरती, पाणी अडणार कमी आणि मुरणार जास्त. वरून शेरा आला की काम 'दिसत नाही'. शेवटी दोन्ही बाजूंना भिंती. एकदम सरळ रेषेत, पट्टी ठेवून काढल्यासारख्या.

आणि शहरात तर विचारूच नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, त्यानंतर मिठीचं रुंदीकरण, खोलीकरण आणि भिंती. पूर लवकर ओसरावा म्हणून केलं, त्या दिवशीची माणसं आठवली तर विरोध करणं पण जड जातं. पण भिंत घातली की नदीचं काठाशी आणि काठाखालच्या पाण्याशी असलेलं नातं तुटतं हे तेव्हा कुठल्या बैठकीत कुणी बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही.

---

काडीवाला

चला, एकदा तरी कुणीतरी खरं बोललं. 'काम दिसत नाही' हे वाक्य महाराष्ट्राच्या प्रत्येक नदीकाठावर पाटी करून लावा.

बाय द वे, निनाद, ते विरजण खरंच लागलं का? की फोटोपुरतं?

---

निनाद_सिएटल

चांगलं पकडलंत. नव्या तळात न सुधारलेल्या टप्प्यांच्या मानाने बारीक जीव जास्त आणि जास्त प्रकारचे सापडले, यावर २०२१ मध्ये पेपर आला. पण ते आणलेल्या मालामुळे की चांगला तळ मिळाल्यावर वरून वाहत आपोआप आले, हे वेगळं काढणं सोपं नाही. त्यामुळे विरजण लागलं असं छातीठोक मी म्हणणार नाही.

आणि अजून एक सांगायला हवं, सगळं गोडगोड वाटायला नको. ओढ्यातलं सगळं पाणी काही खालून जात नाही, पुराच्या वेळी तर बहुतेक वरूनच जातं. त्या ७८ टक्क्यांचा अर्थ जे पाणी लांबच्या वाटेने खाली गेलं त्यापुरता. असे टप्पे ओढाभर एकामागोमाग हवेत, तरच एकूण पाण्यात फरक दिसणार, आणि थॉर्नटनवर असे दोनच. लोक ७८ टक्के ऐकून 'ओढा ७८ टक्के साफ झाला' असं फॉरवर्ड करतील म्हणून लिहून ठेवतो.

पुराचं मात्र लोकांना पटलं. ओढ्याचे दोन फाटे मिळतात तिथे रस्त्याखालचा अरुंद मोरीवजा पाइप काढून मोठा केला, शेजारी शाळा आहे, तिथला रस्ता आधी सारखा पाण्याखाली जायचा. खरं सांगायचं तर पैसे पुरासाठी मिळाले, माशांसाठी कुणी एवढे दिले नसते. लिंचबाईंनी त्या पुराच्या कामातच तळाचं घुसवलं. सरकारी_सिव्हिल, हे तुमच्यासाठी :)

---

सरकारी_सिव्हिल

हे मात्र आवडलं. आपत्ती निवारणाच्या हेडखाली टाकायचं. नोंद घेतली आहे.

---

प्राजक्ता_ठाणे

आमच्या इथे येऊरच्या बाजूने एक ओढा येतो, वरच्या भागात अजून सांडपाणी नाही, गोटे आहेत, पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत तरी वाहतो. आमचा एक छोटा ग्रुप आहे, रविवारी प्लास्टिक वेचतो. तिथे खालून पाणी चालतं का हे आम्हाला साध्या साधनांनी बघता येईल का? लॅब वगैरे परवडणार नाही, पण कॉलेजची पोरं उत्साही आहेत.

---

मुरूम_आणि_खडक

नक्की येईल ताई, आणि सोपं आहे. पीव्हीसी पाइप घ्या, खालच्या वीतभर भागाला बारीक भोकं पाडा, त्यावर मच्छरदाणीची जाळी गुंडाळा, खालचं तोंड उघडंच ठेवा. आत बसेल अशी लोखंडी पहार घालून तळात हात-दीड हात खोल ठोका, पहारीचं टोक पुढे राहू द्या म्हणजे पाइप फुटत नाही. पहार काढा, तासभर थांबा. मग पाइपच्या आतली पातळी आणि बाहेर ओढ्याची पातळी बघा. आत जास्त असेल तर तिथे पाणी तळातून वर येतंय, कमी असेल तर खाली जातंय. फरक बोटभरसुद्धा नसतो कधी कधी, म्हणून स्ट्रॉ किंवा पारदर्शक नळी लावून नीट मोजा. एखादा मोठा दगड किंवा पडलेलं झाड आडवं असेल तर त्याच्या वर एक पाइप आणि खाली एक, तिथे फरक हमखास मिळतो.

दुसरं, तापमान. दुपारी दोनला आणि पहाटे, ओढ्यात आणि पाइपच्या आत. ओढ्याचं पाणी दिवसरात्रीत बरंच वरखाली होतं, खालून आलेलं फारसं होत नाही. आणि तिसरं, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. वरच्या पाइपमध्ये थोडं मिठाचं पाणी ओता आणि खालच्या पाइपमध्ये दर पाच मिनिटांनी आकडा घ्या. वाढला की कळलं पाणी पोचलं, आणि किती वेळात ते पण. मीठ मूठभरच, पोरं उत्साहात किलोभर ओततात.

---

बापू_श्रीगोंदा

पाइप एक इंचीच घ्या, दीड इंची गोट्यात शिरत नाही, हात मोडतात. आणि पाऊस चालू असताना ओढ्यात उतरू नका, वरून लोंढा कधी येईल सांगता येत नाही.

---

प्राजक्ता_ठाणे

थँक्यू दोघांना. एक इंची, जाळी, पहार, टीडीएस मीटर. गणपतीनंतरच्या एका रविवारी ठोकतो, आकडे याच धाग्यावर टाकेन. पहार कुणाकडे आहे का ठाण्यात?

---

काडीवाला

माझ्याकडे आहे. घोडबंदरला राहतो. घेऊनच येईन, नाहीतरी तुम्ही लोक पाइप वाकडा ठोकणार.